दारू आणि दृष्टी: चष्मा बदलूनही दिसत नसेल तेव्हा

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वडील ५४ वर्षांचे असून सोलापुरात चादरी-टॉवेलच्या यंत्रमागावर काम करतात. गेली पंधरा-सोळा वर्षे रोज रात्री देशीची एक क्वार्टर आणि दिवसभर विडी असा त्यांचा क्रम आहे. चार महिन्यांपासून त्यांना दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसते, डोळे दुखत मात्र नाहीत. चष्मा दोनदा बदलूनही फरक पडलेला नाही, आणि एका ठिकाणी ‘मोतीबिंदू सुरू झाला आहे, काढून टाका’ असे सांगण्यात आले आहे. हे दारूमुळे झाले असेल का, गेलेली नजर परत येते का, आणि ऑपरेशन करावे का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. शेवटी, घरातले लोक ‘दारूने डोळे जातात ते विषारी दारूने, चांगल्या दारूने नाही’ असे म्हणतात, ते खरे का, हेही तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

कारण दारू असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तसे असेल तर नजर काही प्रमाणात, कधी कधी चांगल्या प्रमाणात परत येते. पण ती येण्याची मुदत वर्षांची नसून आठवड्यांची आणि महिन्यांची असते. घरच्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. दारू दोन अगदी वेगवेगळ्या रीतींनी दृष्टीच्या नसेला इजा करते. विषारी दारू ते काम एका-दोन दिवसांत करते आणि सरकारमान्य दुकानातील, सीलबंद बाटलीतील दारू तेच काम महिनोन्‌महिने, गाजावाजा न करता करते. पहिल्या प्रकारात लोक त्याला आदल्या रात्रीची दारू उतरतानाचा त्रास समजतात आणि दुसऱ्या प्रकारात चष्म्याचा नंबर समजतात. दोन्ही वेळा जो उशीर होतो तोच दृष्टी घालवतो.

तुमच्या वडिलांच्या लक्षणांशी जुळणारा आजार हा दुसऱ्या प्रकारचा आहे. वैद्यकीय भाषेत त्याला पोषणाभाव आणि विषद्रव्ये यांमुळे होणारा दृष्टीच्या नसेचा विकार म्हणतात. जुन्या पुस्तकांत तो ‘तंबाखू-दारूचे अंधत्व’ या नावाने सापडतो. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. वाचणे, चेहरे ओळखणे, रंग पारखणे ही सगळी बारीक कामे त्याच्यावर चालतात. त्या भागातून निघून दृष्टीच्या नसेत शिरणारे तंतू अतिशय बारीक असतात आणि त्यांना सतत भरपूर ऊर्जा लागते. ही ऊर्जा पेशीतील मायटोकॉण्ड्रिया तयार करतात आणि त्या कामासाठी थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, तसेच ब१२, फॉलिक अॅसिड आणि तांबे यांची गरज असते. पुरवठा आटला की सर्वांत आधी हेच बारीक तंतू थकतात. कडेचे दाखवणारे जाड तंतू बराच काळ तग धरून राहतात.

यातूनच या आजाराचे ते विचित्र रूप तयार होते. माणूस रस्त्याने व्यवस्थित चालतो, वाटेतला दगड चुकवतो, गर्दीत कोणाला धक्का देत नाही. पण समोरून येणारा शेजारी बोलल्याखेरीज ओळखू येत नाही, आणि वर्तमानपत्रातील ओळीचा मधलाच शब्द पुसल्यासारखा होतो. दोन्ही डोळ्यांत हे साधारण सारखेच होत असल्यामुळे एक डोळा झाकून दुसऱ्याशी तुलना करण्याचीही सोय राहत नाही. रंग, विशेषतः लाल आणि हिरवा, अक्षरांच्याही आधी बिघडतात. तुमच्या वडिलांना हल्ली सुताचे कोन निवडताना तांबडा आणि तपकिरी यांत गोंधळ होतो असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. मला तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच वाटले. मोतीबिंदूत रंग पिवळट, मळकट दिसू शकतात, पण असा लाल रंग हरवत नाही.

घरी एक साधी गोष्ट करून पाहता येईल. बाटलीचे एक लालभडक झाकण घ्या, चांगल्या उजेडात वडिलांना एक डोळा झाकायला सांगा आणि झाकण हातभर अंतरावर त्यांच्या नजरेच्या अगदी समोर धरा. रंग कसा दिसतो ते विचारा. मग त्यांची नजर जिथे आहे तिथेच ठेवून झाकण हळूहळू बाजूला, कानाच्या दिशेने सरकवा. निरोगी डोळ्याला लाल रंग मध्यभागी सर्वांत गडद दिसतो आणि बाजूला फिका होतो. या आजारात नेमके उलटे घडते: समोर धरलेले झाकण विटकरी, मळलेले किंवा राखाडी दिसते आणि बाजूला नेले की ते ‘आता लाल झाले’ असे माणूस सांगतो. असे झाले तर तो आजाराचा पुरावा मानू नका, पण नेत्रतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जाण्यासाठी तेवढे कारण पुरे आहे. आणि रंग नीट दिसले म्हणून तपासणी टाळूही नका.

हा आजार निसटतो तो प्रामुख्याने दोन कारणांनी. पहिले म्हणजे सुरुवातीचे काही महिने डोळ्याच्या आत पाहिले तरी नस निरोगी दिसते. तिच्या कानाकडच्या बाजूला फिकेपणा येतो तो नंतर. त्यामुळे डोळा पाहणारा ‘आत सगळे ठीक आहे’ म्हणतो, दिसत तर नाही, आणि मग रुग्णावरच नाटकीपणाचा आळ येतो. दुसरे कारण म्हणजे वयाच्या पन्नाशीत थोडाफार मोतीबिंदू आणि चाळिशीचा नंबर बहुतेकांना असतोच, आणि हाती लागलेल्या पहिल्या कारणावर सगळा दोष टाकून मोकळे होण्याचा मोह तपासणाऱ्यालाही होतो. येथे एक जुनी, फुकटची चाचणी उपयोगी पडते. पुठ्ठ्याला पाडलेल्या टाचणीएवढ्या छिद्रातून तक्ता वाचायला लावल्यावर अक्षरे स्पष्ट झाली तर दोष चष्म्याच्या नंबरात असण्याची शक्यता जास्त असते; काहीच फरक पडला नाही किंवा उलट कमी दिसले, तर नंबर बदलत बसण्यात अर्थ नसतो. वडिलांचे दोन चष्मे झाले आहेत. तिसरा करू नका.

आता क्वार्टरविषयी. ‘रोज एकच क्वार्टर, जास्त नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकतो की त्याचा हिशेब मांडणे भाग आहे. १८० मिलिलीटरच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेले असेल तर तिच्यात सुमारे ७७ मिलिलीटर, म्हणजे वजनाने सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचा निचरा करते. म्हणजे रात्री दहाला संपवलेल्या क्वार्टरचा निचरा होईपर्यंत पहाट होते. ‘आम्ही फक्त बिअर पितो’ म्हणणाऱ्यांसाठीही हाच हिशेब आहे: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलीटरच्या बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ३० मिलिलीटरच्या चार पेगांइतका मद्यार्क असतो.

या ६० ग्रॅममधून शरीराला चारशेहून अधिक कॅलरी मिळतात, भूक मरते, आणि त्या कॅलरींबरोबर एकही जीवनसत्त्व येत नाही. जेवणाची जागा चकणा घेतो. ताटातली भाकरी, पालेभाजी, डाळ तशीच झाकून राहते. शिवाय दारू आतड्यातून थायमिन आणि फॉलिक अॅसिड शोषले जाण्यातच अडथळा आणते, आणि यकृत खराब झाले की साठवणही बिघडते. थायमिनचा शरीरातील साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो, फॉलिक अॅसिडचा काही महिने, ब१२ चा काही वर्षे. त्यामुळे नजरेची तक्रार येण्याआधी पिणे कित्येक वर्षे जुने असले तरी शेवटचा टप्पा झपाट्याने येऊ शकतो. आजारपण, उपवास, पगार थकल्यामुळे आक्रसलेले जेवण असे एखादे निमित्त पुरते. शाकाहारी माणसाचा ब१२ चा साठा मुळातच तोकडा असतो. विडीच्या धुरातील सायनाइडचा निचरा करण्यासाठीही शरीर ब१२ चे एक रूप वापरते. दारू आणि विडी यांची जोडी एकट्या दारूपेक्षा वाईट ठरते ती यामुळे.

दारूचा स्वतःचा विषारी परिणाम किती आणि कुपोषणाचा किती, हा वाद जुना आहे. माझा कल कुपोषणाकडे आहे, आणि त्याला क्यूबातील घटनांचा मोठा आधार आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबात अन्नाची तीव्र टंचाई झाली आणि १९९२-९३ मध्ये तेथे ५०,००० च्या आसपास लोकांना दृष्टीच्या नसेचा किंवा हातापायांच्या नसांचा विकार झाला. मध्यभागी अंधुक दिसणे, रंग न ओळखणे, हातापायांना मुंग्या येणे अशी ती लक्षणे होती. त्यांत धूम्रपान करणारे, घरगुती रम पिणारे आणि जेवण चुकवणारे लोक ठळकपणे दिसून आले. सरकारने देशभर ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्यावर साथ ओसरली. टंचाईने जे एका देशात काही महिन्यांत घडवले, तेच रोज क्वार्टर पिणाऱ्याच्या घरात, ताटात अन्न असतानाही घडते.

असे असले तरी ‘पितो, म्हणजे दारूमुळेच’ हा निष्कर्ष तपासण्यांआधी काढू नये. हे निदान इतर कारणे वगळूनच करायचे असते. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथीत गाठ असली तरी दोन्ही डोळ्यांची नजर वेदनेशिवाय कमी होत जाते. त्यासाठी एमआरआय लागतो आणि दारूच्या नावाखाली तो टाळणे परवडणारे नाही. वडिलांना क्षयरोगाचे औषध चालू आहे किंवा गेल्या वर्षभरात होते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्यातील एथॅम्ब्युटॉल हुबेहूब असाच आजार निर्माण करते आणि ते वेळेत थांबवणे हाच त्यावरचा मुख्य उपाय असतो. औषध थांबवण्याचा निर्णय मात्र क्षयरोगाच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायचा असतो. दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिरॅमदेखील क्वचित दृष्टीच्या नसेला बाधते. घरातल्या माणसाने जेवणातून गुपचूप ते दिले असेल तर तेही लपवू नका. गुपचूप देणे तसेही धोक्याचे आहे. आईकडच्या नात्यात कोणा पुरुषाची नजर तरुणपणी अशीच गेली असेल तर लेबर नावाचा आनुवंशिक आजार मनात धरावा लागतो. त्यात दारू आणि धूम्रपान ठिणगीचे काम करतात.

डॉक्टर इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्यांवर रंगदृष्टी तपासतील, दृष्टिक्षेत्राचा आलेख काढतील आणि ओसीटी या यंत्रावर नसेच्या तंतूंची जाडी मोजतील. या तीन गोष्टींची पहिली नोंद जपून ठेवा, कारण सुधारणा मोजायची ती तिच्याच तुलनेत. रक्तात ब१२, फॉलिक अॅसिड, हिमोग्राम, यकृताच्या चाचण्या, साखर, तसेच सिफिलिस आणि एचआयव्ही यांच्या तपासण्या केल्या जातात. शेवटच्या दोन नावांनी दचकू नये, त्या अशा प्रत्येक रुग्णात करायच्या असतात. हिमोग्राममध्ये तांबड्या पेशींचा आकार वाढलेला दिसला तर तो दीर्घकाळ पिणे किंवा ब१२-फॉलिक अॅसिडचा अभाव यांकडे बोट दाखवतो.

उपचार ऐकायला सोपा आहे: दारू आणि विडी पूर्ण बंद, पोटभर सकस जेवण, थायमिन, ब१२ ची इंजेक्शने आणि फॉलिक अॅसिड. त्यातला एक बारकावा असा की ब१२ कमी असताना नुसत्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या घेतल्या तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि नसांची हानी चालूच राहते. म्हणून औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने गोळ्या आणू नयेत. लवकर सुरू केलेल्या उपचाराने काही आठवड्यांत फरक जाणवू लागतो आणि सुधारणा पुढे अनेक महिने चालू राहते. नस एकदा पांढरी पडली की तेवढे तंतू कायमचे गेलेले असतात. चार महिने हा काळ फार कमी नाही, पण आशा सोडण्याइतका जास्तही नाही.

तुमच्या वडिलांनी रागाच्या किंवा भीतीच्या भरात उद्यापासून एकदम दारू बंद केली तर ते धोक्याचे ठरू शकते. रोज इतकी पिणाऱ्याला अचानक सोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, थरथर, भिंतीवर किडे-माणसे दिसणे असा प्रकार होऊ शकतो. ही डोळ्यांची तक्रार नसते, मेंदूची असते, आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून दारू सोडवणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गरज असेल तर दवाखान्यात दाखल करून करावे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करत आहे, आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या शहरांत मराठीतून होतात. घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे. तुमच्या पत्रातील स्वर पाहता तुम्हालाही तिथे जाऊन बरे वाटेल.

आता विषारी दारूविषयी. तिच्यातील विष म्हणजे मिथेनॉल. ते रंगांच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत वापरले जाते, स्वस्त असते, आणि वासाला किंवा चवीला पिण्याच्या दारूपासून वेगळे ओळखू येत नाही. मिथेनॉल स्वतः फारसे घातक नसते. यकृत त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक अॅसिड करते, आणि हे फॉर्मिक अॅसिड पेशीची ऊर्जानिर्मितीच बंद पाडते. ज्या बारीक तंतूंना ऊर्जा सर्वांत जास्त लागते त्यांच्यावरच पुन्हा घाला येतो, फक्त या वेळी काही तासांत. १० मिलिलीटरइतके थोडे मिथेनॉलही नजर घालवू शकते.

या रूपांतराला वेळ लागतो, आणि तोच काळ फसवा असतो. प्यायल्यानंतर १२ ते २४ तास माणूस बरा असतो. सोबत साधी दारूही पोटात गेली असेल तर हा काळ दोन-तीन दिवसांपर्यंत लांबतो. मग डोके दुखते, पोटात कळा येतात, उलट्या होतात, श्वास जोरात चालतो आणि डोळ्यांपुढे पांढरे धुके उतरते. हे सगळे आदल्या रात्रीच्या दारूमुळे झाले असे समजून माणूस झोपून राहतो किंवा ‘उतारा’ म्हणून आणखी एक पेग घेतो. पेगने थोडे बरेही वाटू शकते, कारण साधी दारू आणि मिथेनॉल यकृतातील एकाच विकरासाठी (एन्झाइमसाठी) झगडतात आणि साधी दारू पुढे सरते. दवाखान्यात याच तत्त्वावर मोजून-मापून मद्यार्क किंवा फोमेपिझोल देतात. घरी घेतलेला उतारा मात्र विष काढत नाही, फक्त लक्षणे पुढे ढकलतो. दवाखान्यात रक्तातील आम्लता सोडा-बायकार्बने आटोक्यात आणतात, फोलिनिक अॅसिड देतात आणि डायलिसिसने मिथेनॉल व फॉर्मिक अॅसिड दोन्ही बाहेर काढतात. हे जितक्या लवकर होईल तितकी नजर वाचते. बाहुल्या विस्फारून प्रकाशाला प्रतिसाद देईनाशा झाल्या असतील तर दृष्टीची आशा फार थोडी उरते. काहींची नजर पहिल्या आठवड्यात थोडी परत येते आणि काही आठवड्यांनी पुन्हा जाते; त्यामुळे घरी सोडल्यानंतरची तपासणी चुकवू नये.

जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात १०० हून अधिक माणसे अशी दारू पिऊन दगावली. त्याआधी डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत हेच घडले होते. गुजरातेत बोटाद परिसरात जुलै २०२२ मध्ये आणि तमिळनाडूत कळ्ळकुरिची येथे जून २०२४ मध्ये पुन्हा तेच. यांत मेलेल्यांचा आकडा बातमीत येतो. जे जगले पण आंधळे झाले त्यांचा हिशेब फारसा कोणी ठेवत नाही. मालवणीसारख्या घटनेत विषारी दारू एकाच अड्ड्यावरून आलेली असते. म्हणून एका माणसाला असे झाले की त्याच्यासोबत प्यायलेल्या प्रत्येकाला, त्याला काहीही त्रास नसला तरी, लगेच दवाखान्यात नेले पाहिजे. ज्यांची लक्षणे अजून सुरू झालेली नाहीत, त्यांचेच डोळे वाचवणे सर्वांत सोपे असते.

‘पहिल्या धारेची’ घेतल्याने डोळे जातात असा एक समज खेड्यांत आहे. पहिल्या धारेत अॅसिटाल्डिहाइडसारखी उग्र द्रव्ये अधिक असतात आणि ती तब्येतीला वाईटच. पण गूळ किंवा मोह आंबवून काढलेल्या दारूत मिथेनॉल मुळात अल्प असते. काजूच्या बोंडांसारख्या फळांत पेक्टिन असल्याने ते थोडे अधिक तयार होते, तरीही गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या नीट गाळलेल्या फेणीने लोक सामूहिकरीत्या आंधळे झालेले नाहीत. वरील दुर्घटना घडतात त्या कारखान्यांतील मिथेनॉल भेसळीसाठी वळवले जाते तेव्हा. म्हणजे दोष धारेचा नसून कारखान्यातून आलेल्या मिथेनॉलच्या पिंपाचा असतो. हातभट्टीची बाजू घेण्याचा माझा हेतू नाही. नवसागर आणि सडका गूळ घालून काढलेल्या दारूत काय काय आहे हे काढणाराही सांगू शकत नाही. सॅनिटायझर तर दारू नव्हेच: एप्रिल २०२१ मध्ये, टाळेबंदीत दुकाने बंद असताना, यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे ते पिऊन माणसे गेली.

याखेरीज एक तातडीची स्थिती तुम्हाला माहीत असायला हवी, कारण ती तुमच्या वडिलांसारख्याच माणसांना होते. थायमिन एकदम संपले की डोळे हलवणाऱ्या स्नायूंचे मेंदूतील नियंत्रण बिघडते: बुबुळे आपोआप हिसके देत हलतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, डोळा बाहेरच्या बाजूला वळत नाही. सोबत चाल डळमळते आणि बोलण्यात संगती राहत नाही. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये याचे वर्णन केले. त्यांच्या तीन रुग्णांपैकी दोन दारू पिणारे होते आणि तिसरी आम्ल प्यायलेली, उलट्यांनी खंगलेली तरुणी होती, म्हणजे मूळ कारण तेव्हाही थायमिनच्या उपासमारीचेच होते. ‘चढली आहे’ म्हणून अशा माणसाला झोपवून ठेवले जाते, आणि कधी कधी अशक्तपणा म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावली जाते. थायमिन न देता ग्लुकोज दिले तर उरलेसुरले थायमिनही त्यात खर्च होते आणि स्थिती बिघडते. वडिलांना कधी सलाइन लावायची वेळ आली तर ‘हे रोज पितात, आधी थायमिन द्याल का?’ एवढे विचारा. शिरेतून थायमिन वेळेवर मिळाले तर डोळ्यांची हालचाल काही तासांत सुधारू लागते. इतका जलद गुण आमच्या विषयात क्वचित पाहायला मिळतो.

रोजच्या पिण्याचे बाकी परिणाम लहान आहेत, पण त्यांची माहिती असावी. प्यायल्यावर एका वस्तूवरून दुसरीवर झटकन जाणारी नजर मंदावते, समोरच्या दिव्यांनी दिपलेले डोळे सावरायला जास्त वेळ घेतात आणि झाकलेला तिरळेपणा उघडा पडून एकाचे दोन दिसतात. म्हणूनच १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा आहे. आडवे झाल्यावर खोली फिरते ती मात्र डोळ्यांमुळे नव्हे, आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या भागामुळे. दारू अश्रूंतही उतरते आणि अश्रूंचा थर लवकर फाटतो, त्यामुळे सकाळी डोळे लाल, कोरडे, चुरचुरणारे असतात. लाली घालवणारे थेंब रोज घालणे हा त्यावरचा उपाय नव्हे. काचबिंदू असलेले काही जण ‘दारूने डोळ्यातला दाब उतरतो’ असे सांगतात. दाब काही तासांपुरता उतरतो हे खरे आहे, पण त्याने काचबिंदू आवरत नाही. दीर्घकाळ पिणाऱ्यांत नसेचे तंतू पातळ आढळल्याचेही अभ्यास आहेत. भरपूर पिण्याचा संबंध मोतीबिंदूशी आणि पीतबिंदूच्या झिजेशी आढळतो, पण त्या दोन्हींत वय आणि तंबाखू ही मोठी कारणे आहेत. रेड वाइन डोळ्यांना चांगली असते, असे सिद्ध झालेले नाही. यकृत फार बिघडले की अ जीवनसत्त्वाची साठवण कोलमडते आणि संध्याकाळनंतर दिसेनासे होते. त्यासाठी स्वतःहून अ जीवनसत्त्वाच्या जोरकस गोळ्या घेऊ नयेत, कारण आजारी यकृताला त्याच विषासारख्या ठरतात.

राहिला ऑपरेशनचा प्रश्न. नस तपासून होईपर्यंत मोतीबिंदूचे ऑपरेशन करू नका. मोतीबिंदू खरोखरच थोडा असेल तर तो काढल्याने तक्त्यावरची ओळ बदलणार नाही, पैसे जातील, आणि मुख्य म्हणजे नसेवरच्या उपचाराचे मोलाचे दोन-तीन महिने ‘ऑपरेशननंतर हळूहळू दिसेल’ या वाटेकडे डोळे लावण्यात संपतील. पुढे मोतीबिंदू वाढला आणि ऑपरेशन करायचेच ठरले, तर डॉक्टरांना पिण्याचे खरे प्रमाण आधी सांगा. यकृतामुळे रक्त गोठण्याची क्षमता कमी झाली असेल तर डोळ्यामागे भुलीची सुई देताना रक्तस्राव होऊ शकतो, आणि आदल्या दिवशी दारू बंद केलेल्या माणसाला टेबलावर थरथर सुटली तर डोळा स्थिर ठेवणे अवघड होते. ऑपरेशन केव्हाही करता येते; ब१२ ची तपासणी, रंगदृष्टीची नोंद आणि दृष्टिक्षेत्राचा आलेख मात्र याच आठवड्यात व्हायला हवेत.